डिझेल की पेट्रोल : अमेरिकी कामाच्या ट्रकचा हिशेब

भारतात अवजड मालवाहतूक म्हणजे डिझेल हे समीकरण इतके पक्के आहे की ट्रक घेणाऱ्याला इंधनाचा विचार फारसा करावाच लागत नाही. अलीकडे सीएनजीने त्यात थोडा वाटा मिळवला असला, तरी पेट्रोलवर चालणारा मोठा ट्रक आज रस्त्यावर दिसत नाही. अमेरिकेत मात्र बांधकामाचे ठेकेदार, गुरांचे ट्रेलर ओढणारे पशुपालक, वीज-पाण्याची दुरुस्ती करणारी पथके असे सगळे ज्या भारदस्त पिक-अप गाड्या कामाला लावतात, त्या खरेदी करताना हा प्रश्न दरवेळी नव्याने सोडवावा लागतो. फोर्डची एफ-२५० व एफ-३५०, रॅमची २५०० व ३५००, शेव्हरलेची सिल्व्हराडो २५०० व ३५०० या सर्व गाड्या दोन्ही इंधनांच्या इंजिनांसह मिळतात, आणि एकाच गाडीच्या या दोन रूपांतील किमतीचा फरक साधारण दहा हजार डॉलरच्या घरात जातो.

पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. हा दाब फार वाढवला तर मिश्रण भलत्याच वेळी आपोआप पेटून ठोके देऊ लागते, म्हणून दट्ट्या ते मूळ आकारमानाच्या सुमारे दहाव्या हिश्शापर्यंतच दाबू शकतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात नुसती हवाच दाबली जाते, तीही सोळाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून अधिक, आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. एवढा दाब सोसायचा म्हणून इंजिनाचा प्रत्येक भाग जाडजूड करावा लागतो; डिझेलचे वजन, किंमत आणि दीर्घायुष्य या तिन्हींचे मूळ इथेच आहे.

आकडे पाहिले की दोघांच्या स्वभावातील फरक उघड होतो. फोर्डने २०२० च्या मॉडेलपासून या गाड्यांत ७.३ लिटरचे पेट्रोल इंजिन दिले, ते ४३० अश्वशक्तीचे होते, तर त्याच वर्षीचे ६.७ लिटरचे डिझेल इंजिन ४७५ अश्वशक्तीचे. म्हणजे शक्तीत अंतर थोडेच. परंतु टॉर्क, म्हणजे चाकाला पीळ देणारा जोर, पेट्रोलमध्ये सुमारे ६४४ न्यूटन-मीटर व तोही मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर, तर डिझेलमध्ये सुमारे १,४२४ न्यूटन-मीटर आणि केवळ १,६०० फेऱ्यांवर मिळत होता. पाठीमागे पाच-सहा टनांचा ट्रेलर लावून चढण चढताना पेट्रोलची गाडी काम करत नाही असे नव्हे. ती गिअर खाली टाकत, इंजिन ओरडवत, इंधन पीत ते काम करते, आणि डिझेलची गाडी तेच काम शांतपणे उरकते.

डोंगरात हे अंतर आणखी वाढते. कोलोरॅडो राज्यात इंटरस्टेट ७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तेथील उंची सुमारे ३,४०० मीटर आहे. टर्बोचार्जर नसलेले इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के शक्ती गमावते, म्हणून त्या बोगद्याच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत अशा पेट्रोल इंजिनाची जवळपास एक तृतीयांश ताकद विरळ हवेने खाल्लेली असते. डिझेलला टर्बोचार्जर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत हवा कोंबणारा पंखा, असल्यामुळे ते बरेचसे तग धरते. उतारावर तोच टर्बो धुराची वाट अडवून इंजिनाला ब्रेकसारखे वापरू देतो, त्यामुळे चाकांचे ब्रेक तापत नाहीत. घाटात लोड घेऊन उतरणाऱ्या कोणत्याही चालकाला याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

मग सर्वांनी डिझेलच का घेऊ नये? याचे उत्तर इंजिनात कमी आणि धुराच्या नळीत अधिक आहे. अमेरिकेतील २००७ च्या नियमांमुळे डिझेल गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली आणि २०१० च्या नियमांनी नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी युरियाच्या द्रावणाची टाकी आणली. भारतीय ट्रकचालक ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात तेच हे द्रावण, ज्यात ३२.५ टक्के युरिया असतो व जे उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते. गाळणीत साठलेली काजळी अधूनमधून सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून जाळावी लागते, आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ सलग, भाराखाली चालावे लागते. नळदुरुस्तीवाल्याची गाडी मात्र सकाळी गोदामातून निघून चार मैलांवर थांबते, तिथे दोन तास इंजिन नुसते गुरगुरत ठेवले जाते, मग पुन्हा तीन मैल. अशा दिनक्रमात गाळणी भरतच जाते, जळण्याचा फेरा अर्ध्यात तुटतो, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि गाडी ऐन कामाच्या दिवशी गॅरेजात उभी राहते. डिझेलची बदनामी ज्या तक्रारींनी झाली, त्यांतील बऱ्याच तक्रारींचे मूळ चुकीच्या कामाला लावलेल्या चांगल्या इंजिनात आहे.

धुराच्या या नियमांनी कंपन्यांनाही चटके दिले आहेत. १९८९ पासून रॅमच्या (तेव्हाच्या डॉजच्या) गाड्यांना डिझेल इंजिने पुरवणारी आणि १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात पाय रोवलेली कमिन्स ही कंपनी, रॅमच्या लाखो गाड्यांत धूरनियंत्रण चुकवणारी यंत्रणा बसवल्याच्या सरकारी आरोपावरून १६७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड भरण्यास डिसेंबर २०२३ मध्ये राजी झाली.

आता पैशाचा हिशेब. भारतीय वाचकाला उलटे वाटेल, पण अमेरिकेत अलीकडे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलहून महाग असते. केंद्रीय करच पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट तर डिझेलवर २४.४ सेंट आहे. त्यातून इतक्या वजनाच्या गाड्यांना ॲव्हरेजचा सरकारी आकडा छापण्याचे बंधन नसल्याने ग्राहकाला स्वतःच अंदाज बांधावा लागतो. उदाहरणादाखल पेट्रोल ३.२० व डिझेल ३.८० डॉलर गॅलन धरू. वर्षाला २०,००० मैल बहुतांशी रिकामी फिरणारी गाडी पेट्रोलवर गॅलनला १२ मैल व डिझेलवर १६ मैल गेली, तर इंधनखर्च अनुक्रमे सुमारे ५,३३० व ४,७५० डॉलर होतो. म्हणजे जेमतेम ५८० डॉलर वाचतात आणि दहा हजारांचा फरक भरून यायला सतरा वर्षे लागतात. तोच मालक वर्षाला ५०,००० मैल ट्रेलर ओढत असेल आणि पेट्रोल ८ व डिझेल ११ मैल देत असेल, तर बचत २,७०० डॉलरच्या वर जाते व चार वर्षांच्या आत हिशेब मिटतो. डिझेल गाडीला जुन्या बाजारातही चांगला भाव येतो. उलट तिला एका खेपेला बारा लिटरच्या आसपास ऑइल लागते, फिल्टर अधिक लागतात, आणि तिचे महागडे इंजेक्टर किंवा उच्च दाबाचा पंप बिघडला तर वाचवलेले सगळे एका बिलात जाऊ शकते.

आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा ठरलेली असल्याने, जड डिझेल इंजिनाचे जादा वजन पाठीवर लादायच्या मालातून वजा होते; त्यामुळे ट्रेलर न ओढता हौद्यातच माल नेणाऱ्याला त्याच वजनमर्यादेची पेट्रोल गाडी अधिक भार वाहू देते. पेट्रोलचे पुनरागमन झाले आहे ते काही उगाच नव्हे: ब्लू बर्ड या कंपनीने गेल्या दशकात शाळेच्या मोठ्या बससाठी पुन्हा पेट्रोल इंजिन देऊ केले, कारण थांबत थांबत जाणाऱ्या बसला डिझेलची गाळणी परवडत नाही.

ज्याचा ट्रेलर वर्षातील बहुतेक दिवस गाडीला जोडलेला असतो, ज्याचा रस्ता लांबचा किंवा डोंगराचा आहे, त्याने डिझेल घ्यावे. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने, महिन्यातून दोनदा लागणाऱ्या ताकदीसाठी दहा हजार डॉलर मोजू नयेत. जुनी डिझेल गाडी घेणाऱ्याने मात्र धुराची गाळणी जागेवर आहे की नाही हे खाली वाकून पाहावे, कारण ती काढून टाकणे बेकायदा असूनही अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अंदाजानुसार आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिक-अपमधून धूरनियंत्रणाची साधने काढली गेली होती.