शाळेच्या ताटातील भागीदारी

व्यापारात भागीदारी करावयाची म्हटली की आपण तीन गोष्टी प्रथम लिहून ठेवतो : भांडवल कोणाचे, श्रम कोणाचे आणि हिशेब कोणी तपासावयाचा. यांपैकी एक जरी मोघम राहिली, तरी चांगल्या चालत्या पेढीचे दोन तुकडे होण्यास वेळ लागत नाही. लोककल्याणाच्या कार्यात मात्र हा साधा नियम आपण विसरतो. ‘सरकार व जनता यांनी मिळून करावे’ असे सभेत ठरते, टाळ्या पडतात. कोणी काय करावयाचे, हे मात्र अध्याहृतच राहते. म्हणून अशा सहकार्याचे एक उदाहरण वाचकांपुढे ठेवतो. त्यात धान्य असल्यामुळे ते आपणांस चटकन उमगेल. ते म्हणजे शाळेतील मध्यान्ह भोजन.

मद्रास राज्यात सन १९५६ मध्ये, मुख्यमंत्री के. कामराज यांच्या कारकीर्दीत, गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याच्या कार्यास चालना मिळाली. शिक्षणखात्याचे संचालक सुंदरवडिवेलु यांनी गावोगावच्या लोकांना शाळांच्या मदतीस आणले, आणि लोकांच्या वर्गणीस सरकारी पैशाची जोड मिळाली. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशव्यापी योजना सुरू केली. परंतु बहुतेक राज्यांत मुलामागे दरमहा ३ किलो कोरडे धान्यच दिले जाई. घरी गेलेले धान्य साऱ्या कुटुंबाचे होते; त्यातील किती मुलाच्या मुखी पडले, हे कोण सांगणार? अखेर २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच देण्याचा आदेश दिला.

येथूनच भागीदार वाढले. धान्याचे पोते दूरच्या गोदामातून पाठविता येते. ऊन ऊन भात मात्र शाळेजवळच शिजावा लागतो. आज धान्य केंद्र सरकार अन्न महामंडळामार्फत विनामूल्य देते. शिजविण्याच्या खर्चाचा भार बहुतेक राज्यांत केंद्र व राज्य ६० व ४० या प्रमाणात उचलतात. गोव्यात स्त्रियांचे स्वयंसहाय्य गट अन्न रांधतात. हुबळी-धारवाड भागात अक्षयपात्र संस्थेच्या मोठ्या स्वयंपाकघरातून ते शाळाशाळांत पोहोचते. कर्नाटकात सन २०१३ मध्ये सहकारी दूध महासंघाच्या साहाय्याने मुलांना दूधही मिळू लागले. एकट्याने पेलण्याजोगे हे काम नाही.

आता आपल्या पद्धतीने हिशेब मांडू. प्राथमिक शाळेतील मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. शंभर मुलांच्या शाळेस ५० किलोचे पोते पाच दिवस पुरावे. त्या पोत्यात अडीच किलोची तूट आली, तर आपल्या वहीत ती किरकोळ घट म्हणून लिहिली जाईल. शाळेत तेवढ्याने पंचवीस मुलांचे एका वेळचे धान्य जाते. तोलाई, कीड व ओल यांचा अर्थ तेथे इतका कठोर आहे.

आणि तपासणी कोणाचीच नसली, तर काय होते? १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका शाळेत जेवणाच्या तेलात कीटकनाशक गेले आणि २३ मुले दगावली. अन्न वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने चाखून पाहावे, हा नियम वरकरणी क्षुल्लक दिसतो. त्याची किंमत त्या दिवशी कळली. भांडवल आणि श्रम असूनही जबाबदारी निश्चित नसेल, तर भागीदारी प्राणघातक ठरते.

गुजरातेत ‘तिथिभोजन’ नावाची एक चांगली प्रथा आहे. घरातील वाढदिवस, विवाह वा वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी यानिमित्त कुटुंबे शाळेतील मुलांना गोडधोड देतात. या प्रथेस सर्वत्र उत्तेजन मिळावे. मात्र त्यामागील अट ध्यानात ठेवावी : हे अन्न नित्याच्या जेवणाला पूरक आहे, त्याच्या जागी ते येऊ शकत नाही. सन २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शाळेतील जेवण हा मुलाचा हक्क ठरविला आहे. आपल्या दानामुळे सरकारी हात आखडता झाला, तर आपण मुलाला दिले काय आणि त्याच्याकडून घेतले काय, याचा विचार करावा लागेल. दात्याची लहर फिरू शकते. हक्काचे ताट तिच्यावर अवलंबून राहता कामा नये.

मग आपण काय द्यावे? पैशाहून दुर्मिळ अशी एक वस्तू आपल्याजवळ आहे, ती म्हणजे धान्याची पारख. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवणे, जुना माल आधी काढणे, भिंतीपासून अंतर राखणे, औषधाचे डबे कोठीपासून दूर ठेवणे, काट्याची खातरजमा करणे, हे आपल्या दुकानातील पोऱ्यालाही ठाऊक असते. शाळेची व्यवस्थापन समिती व मुख्याध्यापक यांच्या संमतीने महिन्यातून एक तास दिला, तरी ही विद्या स्वयंपाकिणीपर्यंत पोहोचेल. मात्र एक मर्यादा पाळावी : ज्याची पेढी त्या शाळेस माल पुरविते, त्याने तो माल तपासण्यास जाऊ नये. ते काम दुसऱ्या सभासदाने करावे.

पूर्वी अनेक बाजारपेठांत पोत्यामागे धर्मादाय काढण्याची रीत होती. त्याच भावनेने यंदा प्रत्येक सभासदाने आपल्या पेढीजवळची एक शाळा निवडावी आणि तिच्या कोठीचे दार एकदा उघडून पाहावे, अशी माझी सर्व व्यापारी बंधूंस नम्र विनंती आहे.