खामचा काठ बरा कसा होतो?

मित्रांनो, नदीचा काठ आजारी पडतो आणि नीट काळजी घेतली तर बराही होतो. कसा, ते आपल्या जिल्ह्यातल्या खाम नदीवरून समजून घेऊ.

खाम जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते. हर्सूल, बेगमपुरा, पाणचक्की असे करत ती छत्रपती संभाजीनगरातून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. १६१० साली मलिक अंबराने खडकी गाव वसवले, ते हिच्याच काठी. पुढे शहर वाढले. सांडपाणी, प्लास्टिक, पाडलेल्या घरांचा राडारोडा, सगळे नदीत जाऊ लागले. लोक तिला नदी न म्हणता नाला म्हणू लागले!

२०२१ च्या सुमारास महानगरपालिका, छावणी परिषद, वॅरॉक कंपनी आणि इकोसत्त्व या संस्थेने मिळून खाम सुधारण्याचे काम हाती घेतले. नागरिक आले, शाळा-कॉलेजची मुलेही आली. लोखंडी पुलाजवळ जिथे कचरा साचायचा, तिथे आता झाडे आहेत आणि लोक फिरायला येतात.

काम कोणत्या क्रमाने करतात?

१) आधी कचरा आणि राडारोडा काढायचा. घाणीवर झाड लावून काय उपयोग?
२) काठाचा उभा कडा उताराचा करायचा आणि पायथ्याशी दगड रचायचे. मग पुराचे पाणी माती कापत नाही.
३) उतारावर गवत लावायचे. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरून ठेवतात.
४) शेवटी करंज, उंबर, जांभूळ अशी आपल्याकडची झाडे लावायची.

गवत आधी का, हे घरी करून पाहा. दोन फळ्या तिरप्या ठेवा. एकीवर मोकळी माती थापा, दुसरीवर हरळीची मुळांसकट ढेकळे ठेवा. दोन्हींखाली एकेक वाटी ठेवा आणि झारीने सारखेच पाणी सोडा. पहिल्या वाटीत गढूळ चिखल येईल, दुसरीत बरेच निवळ पाणी. बघा, एवढेसे गवत केवढे काम करते!

पण याचा आपल्याशी काय संबंध?

फार मोठा आहे. खामचे पाणी शेवटी नाथसागरात जाते. पैठणचे हे धरण १९७६ साली पूर्ण झाले. संभाजीनगर शहर याच धरणाचे पाणी पिते. म्हणजे वरून सोडलेली घाण फिरून आपल्याच घागरीकडे निघते. पाणी शुद्ध करता येते, पण घाण जास्त तर खर्च जास्त. आणि वाहून आलेला गाळ? तो धरणात बसतो. जितका गाळ, तितकी पाण्याला जागा कमी. दुष्काळात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या मराठवाड्याला हे परवडेल का?

नाथसागराचा काठ पाखरांचाही आहे. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक असे पाहुणे तिथल्या उथळ पाण्यात चरतात. त्याच चिखलात प्लास्टिक रुतले, तर त्यांनी खायचे काय?

आपण काय करू शकतो?

गावाचा ओढा हीसुद्धा नदीची लेकच. करंजाच्या बिया गोळा करू, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपे करू. काठावरचा कचरा वेचताना गुरुजी किंवा बाई सोबत हव्यात. घाण पाण्यात उतरायचे नाही, काच-पत्र्याला हात लावायचा नाही. काम झाले की साबणाने हात धुवायचे.

पालकांनाही विनंती आहे. निर्माल्य ओढ्यात न टाकता झाडाच्या आळ्यात टाका. औषध फवारणीचे रिकामे डबे पाण्यात धुऊ नका. लावलेल्या रोपांजवळ गुरे सोडू नका.

एक गोष्ट मात्र विसरू नका. रोप पावसाळ्यात लावले जाते, पण ते मरते उन्हाळ्यात. म्हणून प्रत्येक रोपाला एक मूल नेमू या. एप्रिल-मेच्या सुट्टीत मामाच्या गावाला जायचे असेल, तर आपली पाळी शेजारच्या मित्राला सांगूनच निघायचे!