पुरानंतरचें घर

पूर ओसरल्यावर घरधनी पहिलें पाऊल घरांत टाकतो, तेव्हां त्याची दृष्टि प्रथम भिंतीवर जाते. पाणी जेथवर चढलें होतें तेथें एक मातकट रेघ उमटलेली असते. रेघेच्या वरचें घर त्याच्या ओळखीचें असतें. खालचें घर परक्याचें वाटतें. कपाटाचीं दारें फुगून बसलेलीं, गाद्यांचे चिखलगोळे झालेले, धान्य आंबून त्याचा दर्प सुटलेला, आणि देव्हाऱ्यांतील बाळकृष्ण न्हाणीच्या कोपऱ्यांत जाऊन पडलेला. पाणी आलें आणि चार दिवसांत गेलेंहि; परंतु त्यानें मोडलेला संसार पुनः उभा राहावयास चार दिवस पुरत नाहींत, चार महिनेहि पुरत नाहींत. हें अंतर ज्याच्या ध्यानीं आलें, त्यालाच पूरग्रस्तांस साह्य कसें करावें हें उमगतें.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्याहि वर गेलें. बातमी पसरतांच पुण्यामुंबईहून मालमोटारी निघाल्या. भाकऱ्या आल्या, पाण्याच्या बाटल्या आल्या, चादरी आल्या. या माणुसकीचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. भुकेल्याच्या हातीं वेळेवर पडलेल्या भाकरीहून मोठें साह्य कोणतें? परंतु अशा प्रसंगीं नेहमींच असें घडतें कीं, पहिल्या पंधरवड्यांत मदतीचा पूर येतो, आणि ज्या वेळीं विटा, सिमेंट, शाळेचीं पुस्तकें व धंद्याचें भांडवल यांची खरी गरज लागते, त्या वेळीं तो ओघ आटलेला असतो. शिवाय येतें तें उपयोगाचें असतेंच असें नाहीं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूंत जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग येऊन पडले आणि ते कोणी घेईना. देणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. घेणाऱ्यास काय हवें, हें विचारावयाचें तेवढें राहून गेलें होतें.

कृष्णाकांठच्या एखाद्या खेड्यांतील शिंप्याचें घर उदाहरणादाखल डोळ्यांपुढें आणावें. नवरा-बायको, वृद्ध आई, दोन शाळकरी मुलें. पुढच्या खोलींत शिवणयंत्र, मागें स्वयंपाकघर. साह्यास आलेल्या मंडळींना दारांतून दिसतात तीं वाहून गेलेलीं भांडीं आणि भिजलेलीं पांघरुणें. शिंप्याला जें दिसतें तें निराळें असतें. गणपति-दिवाळीसाठीं गिऱ्हाइकांनीं शिवावयास टाकलेलें कापड गेलें. म्हणजे घर गेलें तें गेलेंच, वर दहापांच घरांचें देणें अंगावर आलें. आईला आठवतें तें औषधांचें हरवलेलें चिटोरें, आणि मुलीला दहावीच्या भिजलेल्या वह्या. म्हणून साह्याचा पहिला नियम असा कीं, आधीं बसावें, विचारावें, आणि घरांतील प्रत्येकास, विशेषतः बायकांना, निराळें विचारावें. कारण चारचौघांत सांगतां येत नाहींत अशाहि गरजा असतात.

त्यानंतर कामांचा क्रम येतो, आणि तो चुकला तर पैसा खर्चूनहि काम फुकट जातें. विजेचा मुख्य खटका बंद असल्याची खात्री करून मगच घरांत शिरावें, आणि वायरमननें तपासल्याखेरीज दिवा लावूं नये. चिखल उपसण्यापूर्वीं प्रत्येक खोलीचीं, भिंतीवरील रेघेचीं आणि नासलेल्या सामानाचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. तलाठ्याकडून होणारा पंचनामा हा सरकारी मदतीचा पाया असतो. घर धुवून लख्ख केल्यावर नुकसान काय झालें होतें हें दाखवणें कठीण जातें. चिखलांत अनवाणी मुळींच उतरूं नये. पुराच्या पाण्यांत उंदरांचें मूत्र मिसळलेलें असतें, आणि पायाच्या लहानशा जखमेंतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतु शरीरांत शिरतात. जुलै २००५ च्या मुंबईंतील पुरानंतर या तापानें अनेक माणसें दगावलीं. रबरी बूट, हातमोजे आणि ताप येतांच डॉक्टरांकडे नेण्याचा आग्रह, या तीन गोष्टी एखाद्या मोठ्या देणगीहून अधिक उपयोगी पडतात. विहिरींत टी. सी. एल. पूड टाकून पाणी शुद्ध झाल्याचें आरोग्यसेवकानें सांगेपर्यंत तें उकळूनच प्यावें.

चिखलाइतकेंच निकडीचें काम कागदपत्रांचें. भिजलेले कागद ओढून सुटे करूं नयेत. ओला कागद फाटतो. ते सावलींत, पंख्याच्या वाऱ्यावर, मध्यें टीपकागद घालून हळूहळू सुकवावे. कुटुंबाचीं जुनीं छायाचित्रें स्वच्छ थंड पाण्यांत हलकेंच धुवून, चित्राची बाजू वर ठेवून वाळवावीं. सात-बाराचा उतारा, शिधापत्रिका, बँकेचें पुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र यांच्या प्रती पुनः मिळतात. परंतु त्यासाठीं निरनिराळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसाची प्रत्येक खेपेस एका दिवसाची कमाई बुडते. शहरांतील शिकलेल्या माणसास करतां येण्याजोगें साह्य नेमकें येथें आहे. अर्ज लिहून द्यावा, सोबत जावें, मिळालेल्या पोंचपावत्या तारीखवार एका फायलींत लावून ठेवाव्या. याला पैसा लागत नाहीं, वेळ लागतो. आणि पैशापेक्षां वेळ देणें अधिक जड जातें, हें सर्वांस ठाऊक आहे.

भिंतींच्या बाबतींत मात्र घाई हाच शत्रु. विटांची भिंत पोटांत पाणी धरून ठेवते. वरून कोरडी दिसली तरी आंतील ओल जावयास कित्येक आठवडे, कधीं कधीं महिने लागतात. देणगीदारांस लवकर फळ दिसावें म्हणून अशा भिंतीस गिलावा करून रंग दिला, तर थोड्याच दिवसांत रंगाला पोपडे येतात आणि विटांतील क्षार बाहेर पडून भिंतीला लोणा लागतो. सैल झालेला गिलावा खरवडून काढावा, दारें-खिडक्या उघड्या ठेवाव्या, आणि वाऱ्याला आपलें काम करूं द्यावें. कृष्णाकांठची काळी जमीन ओली झाली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे आकसून भेगाळते. तिच्याबरोबर पायाहि हलतो. म्हणून पुरांत उभी राहिलेली भिंत पाणी गेल्यानंतर तडकूं शकते, आणि ती मातीची असली तर धोका अधिक. घर राहण्याजोगें आहे असें जाणत्या इंजिनिअरनें पाहून सांगितल्यावांचून कुटुंबाला आंत झोपूं देऊं नये.

भिंती वाळेपर्यंतचा काळ धंदा उभा करण्याचा होय. शिवणयंत्र खोलून, चिखल काढून, तेल दिलें म्हणजे बहुधा चालूं होतें. मोटर मात्र कारागिराकडून वाळवून तपासून घ्यावी लागते. गिऱ्हाइकांच्या कापडाची भरपाई करण्यापुरती रक्कम बिनव्याजी मिळाली, तर शिंप्याला सावकाराचें दार ठोठवावें लागत नाहीं आणि त्याची पतहि टिकते. उलट घर बांधून झालें पण धंदा बसला, तर नव्या घरावरच कर्ज चढतें, आणि पहिली गदा येते ती मुलीच्या शाळेवर. पूर ओसरल्यानंतर वर्षभरानें अशीं कुटुंबें मोडतात, आणि तेव्हां त्यांची बातमी कोठेंच छापून येत नाहीं.

घर नव्यानें बांधावयाचें झालेंच, तर तें कोठें, हा प्रश्न विटांच्या आधीं विचारावयास हवा. महाराष्ट्रांत नदीकांठीं ठिकठिकाणीं पूररेषा आंखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदां येऊं शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येऊं शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत नवें घर बांधावयाचें नसतें. दोन्ही रेषांच्या मध्यें तें कांहीं अटींवरच बांधतां येतें. शंभर वर्षांतून एकदां याचा अर्थ एकदां पूर आला म्हणजे पुढें शंभर वर्षें निर्धास्त असा नव्हे. सांगलीनें २००५, २०१९ आणि २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. तथापि नदीकांठ सोडा असें सांगणें सोपें आहे. ज्याची शेती, म्हैस आणि गिऱ्हाईक नदीकांठीं आहे त्याला तें सोडणें सोपें नाहीं, आणि भाडेकऱ्याजवळ किंवा गायरानांत राहणाऱ्याजवळ तर जागेचा कागदच नसतो.

या बाबतींत पुण्याचा अनुभव बोलका आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें राहिलेलें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेच्या लोंढ्यानें नदीकांठच्या पेठांची दाणादाण उडवली. पुढें गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या ठिकाणीं पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि उघड्यावर आलेलीं हजारों माणसें तेथें पुनः संसारास लागलीं. पाणी त्याच दिवशीं उतरूं लागलें होतें. परंतु जागेच्या मालकीचा प्रश्न पूरग्रस्तांच्या कित्येक गृहसंस्थांना अर्धशतकाहून अधिक काळ भोंवला. यावरून घेण्याचा धडा असा कीं, नवें घर मिळालें एवढ्यावर थांबूं नये. त्या जागेचा कागद झाला कीं नाहीं, आणि तो पति-पत्नी दोघांच्या नांवें झाला कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून साह्य पुरें झालें असें मानूं नये.

एका घराला एवढें सारें पेलणार नाहीं, हें खरें. परंतु एकाच चाळींतील किंवा सोसायटींतील दहा कुटुंबांनीं मिळून पूरग्रस्तांचें एक कुटुंब वर्षभरासाठीं आपलें मानलें, तर तें सहज पेलतें. एकानें कचेऱ्यांचीं कामें पाहावीं, एकानें मुलांचा अभ्यास, एकानें हिशेब. पंधरवड्यानें एकदां विचारपूस व्हावी. दिवाळींत एक खेप व्हावी, जून महिन्यांत शाळा उघडतांना दुसरी. धान्याची पिशवी हातीं देतांना छायाचित्र काढूं नये. देणाऱ्याच्या घरीं तें कौतुकानें पाहिलें जातें, पण घेणाऱ्याच्या मुलांना त्याची लाज वाटते. आणि शिंप्याचें यंत्र सुरू झालें कीं त्या दहा घरांनीं आपलें दिवाळीचें कापड त्याच्याकडे शिवावयास टाकावें व शिलाई पुरती मोजावी. त्या शिलाईचे पैसे मोजून घेतांना त्याची मान खालीं झुकत नाहीं.

पुढच्या पावसाळ्याआधीं घर रंगवावयास काढतील, तेव्हां ती मातकट रेघ साऱ्या भिंतींवरून पुसली जाईल. एका कोपऱ्यांत मात्र ती हातभर तशीच राहूं द्यावी आणि तिच्यापाशीं सन लिहावा. विजेचीं बटणें त्या रेघेच्या वर बसवावीं, कागदांची पेटी व धान्य यांसाठीं तिच्याहून उंच माळा करावा, आणि नदी चढूं लागली म्हणजे यंत्र कोणीं उचलावयाचें, आजीला कोणाच्या घरीं न्यावयाचें, हें घरांत आधींच ठरवून ठेवावें. पाऊस कौलांवर वाजूं लागला म्हणजे मुलें दचकून उठतील. तेव्हां पूर येणार नाहीं असें त्यांना कोणालाहि सांगतां येणार नाहीं. परंतु या खेपेस काय करावयाचें तें घरांत सर्वांना ठाऊक आहे, एवढें मात्र त्यांची आई खात्रीनें सांगूं शकेल.