एक फेज गेला असतां मोटार कां जळते ?

विहिरीवर विजेचा पंप बसविलेल्या बहुतेक शेतकऱ्यांस मोटार जळण्याचा प्रसंग केव्हांना केव्हां येतो. गहूं ओंबीवर असतां मोटार गेली म्हणजे रिवाइंडिंगचा खर्च तर होतोच. पण पाण्याची पाळी चुकल्यानें होणारें नुकसान त्याहून मोठें असतें. हा दोष बहुधा मोटारीच्या माथीं मारला जातो. वास्तविक पुष्कळ वेळां मोटार निर्दोष असते. दोष पुरवठ्यांत असतो, आणि तो ओळखून वेळेवर वीज तोडणारें साधन स्टार्टरास जोडलेलें नसतें; किंवा जोडलेलें असून तें कोणीं तरी निकामी करून ठेवलेलें असतें. या साधनाची माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एक फेज जाणें.— शेतीपंपाची वीज तीन फेजांनीं येते. कोणत्याही दोन फेजांमधील दाब सुमारें ४१५ व्होल्ट असतो, व ५ अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर प्रत्येक तारेंतून सात ते साडेसात अँपिअर प्रवाह घेते. रोहित्रावरील (ज्यास गांवोगांव डी. पी. म्हणतात) एक फ्यूज उडाला किंवा एक तार तुटली, कीं एक फेज नाहींसा होतो. अशा वेळीं बंद मोटार सुरू केल्यास ती फिरत नाहीं. नुसती गुणगुणते आणि भारी प्रवाह घेत राहून थोड्याच वेळांत जळते. चालू मोटार मात्र थांबत नाहीं, आणि येथेंच धनी फसतो. तोच भार ती दोन तारांवर ओढते. त्यामुळें त्या तारांतील प्रवाह सुमारें पावणेदोनपट होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे वेढ्यांत ती तिप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊन वेढ्यांवरील आवरण करपतें.

नेहमींचीं साधनें अपुरीं कां ?— फ्यूज हा मुख्यतः शॉर्ट सर्किटसाठीं आहे. मोटार थेट सुरू करतांना सुमारें सहापट प्रवाह घेते. तो सोसावा म्हणून फ्यूजची तार मुळांतच जाड घ्यावी लागते, व पावणेदोनपट प्रवाहानें ती सहसा वितळत नाहीं. त्यांतून फ्यूज वारंवार उडतो म्हणून तांब्याचे चार पदर गुंडाळले, तर तो फ्यूजच राहत नाहीं. स्टार्टरांतील नो-व्होल्ट कॉइल वीज गेली कीं स्टार्टर सोडते. परंतु ती दोनच फेजांवर जोडलेली असल्यास तिसरा गेल्याचें तिला कळत नाहीं. ओव्हरलोड रिलेंतील दोन धातूंची पट्टी तापून वांकते व स्टार्टर पाडते. पण तिला वेळ लागतो, आणि तिचा कांटा वाजवीहून वर ठेवलेला असल्यास ती वांकेपर्यंत व्हावयाचें तें होऊन जातें.

सिंगल फेज प्रिव्हेंटर.— ही उणीव भरून काढणारी ही लहानशी पेटी होय. तींतील इलेक्ट्रॉनिक भाग तिन्ही फेजांची सतत तुलना करीत असतात. एक फेज गेला किंवा तिहींत फार असमानता आली, तर कांहीं सेकंदांत पेटींतील लहान स्विच कॉइलची वीज तोडतो व स्टार्टर पडतो. मोठा प्रवाह तोडण्याचें काम स्टार्टरच करतो. पेटी केवळ निर्णय देते. हिचे दोन प्रकार आहेत. एक दाब पाहणारा, दुसरा प्रवाह पाहणारा. फिरती मोटार गेलेल्या फेजावर स्वतःच कांहीं दाब उत्पन्न करते. म्हणून दाब पाहणारी साधी पेटी कधीं कधीं फसते. प्रवाह पाहणारी पेटी या बाबतींत अधिक भरंवशाची. पंप कोरडा पडल्यास प्रवाह उतरतो. तेंही ओळखणाऱ्या पेट्या मिळतात.

पेटी वारंवार स्टार्टर पाडते म्हणून तारा थेट जोडून घेण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. राखणदार भुंकतो म्हणून त्यास हांकलून देण्यासारखेंच हें आहे. अशा वेळीं दोन-दोन फेजांमधील तिन्ही दाब व्होल्टमीटरनें पहावे. ते जवळजवळ सारखे असले पाहिजेत. नुसत्या टेस्टरवर विसंबूं नये. कारण गेलेल्या तारेवरही मोटारीच्या वेढ्यांतून उलट आलेल्या दाबानें तो पेटतो.

ऑटो स्विच.— वीज येतांच पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच रात्रीच्या पाळीस सोयीचा वाटतो. पण त्याचा हिशेब पहावा. ६३ के.व्ही.ए.च्या रोहित्राचा पूर्ण प्रवाह सुमारें ८४ अँपिअर. त्यावर ५ अश्वशक्तीच्या दहा मोटारी चालत असतां ७५ अँपिअर लागतात; तें त्यास सोसतें. पण त्या दहाही एकाच क्षणीं थेट सुरू झाल्या, तर मागणी ४५० अँपिअरवर जाते. दाब कोसळतो, फ्यूज उडतात, आणि असें वरचेवर झाल्यास रोहित्रास धोका पोंचून साऱ्या शिवाराचें पाणी बंद पडण्याची पाळी येते. महावितरणानें ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसविण्याचें आवाहन अनेकदां केलें आहे, तें याचसाठीं. एकाच रोहित्रावरील शेतकऱ्यांनीं आपसांत क्रम ठरवून कांहीं मिनिटांच्या अंतरानें पंप सुरू करावे, हें सर्वांत उत्तम.

माणसाचें रक्षण.— वरील साधनें मोटार वांचवितात, माणूस नव्हे. विजेच्या धक्क्यापासून जीव वांचविण्यास ३० मिलिअँपिअरच्या गळतीसही तुटणारा निराळा स्विच लागतो, आणि त्याच्या जोडीस चांगलें अर्थिंगही हवें.

सारांश, फ्यूज योग्य जाडीचा घालावा, ओव्हरलोडचा कांटा मोटारीच्या पाटीवरील प्रवाहाइतका ठेवावा, आणि प्रिव्हेंटर जोडलेलाच ठेवावा. पावसाळा संपून उपसा सुरू होण्यापूर्वीं जाणत्या वायरमनकडून या तिन्ही गोष्टी एकवार तपासून घ्याव्या, अशी आमची वाचकांस सूचना आहे.