शिक्क्याऐवजी चेहरा : लंडनच्या स्थानकातील युरोपची सीमा

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकातून सुटणारी युरोस्टार गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्समध्ये जात असली, तरी प्रवाशाला फ्रान्सच्या सीमातपासणीला तोंड द्यावे लागते ते गाडीत बसण्यापूर्वी, याच स्थानकात. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातील करारांनुसार फ्रेंच सीमा पोलीस लंडनमध्ये आणि ब्रिटिश अधिकारी पॅरिसमध्ये पासपोर्ट तपासतात. त्यामुळे युरोपीय संघाने तपासणीची रीत बदलली, की तिचा भार लंडनमधील या मर्यादित जागेवरही येऊन पडतो.

असा बदल १२ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाला. ज्या युरोपीय देशांनी आपसांतील सीमांवरची नेहमीची तपासणी काढून टाकली आहे, त्यांच्या समूहाला शेंगेन क्षेत्र म्हणतात. या क्षेत्रातील २९ देशांनी २०१७ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार ‘एंट्री-एक्झिट सिस्टीम’, म्हणजे प्रवेश आणि निर्गमन यांची संगणकीय नोंदणी, टप्प्याटप्प्याने अमलात आणली. अल्पकाळासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तीला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. हा हिशेब पूर्वी अधिकाऱ्याला पासपोर्टावरचे शिक्के चाळून मांडावा लागे, आणि पुसट किंवा राहून गेलेल्या शिक्क्यामुळे तो चुकण्याचा संभव असे. आता तो संगणक मांडतो.

नव्या पद्धतीचा पाया बायोमेट्रिक ओळख हा आहे. म्हणजेच व्यक्तीच्या शरीराची मोजता येण्याजोगी लक्षणे टिपून त्यांवरून तिची ओळख पटवणे. व्हिसाची गरज नसलेला प्रवासी पहिल्यांदा सीमेवर येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र आणि चार बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहीत. संगणक या प्रतिमांमधील वैशिष्ट्ये आकड्यांच्या साच्यात बांधतो. पुढच्या खेपेस समोरची व्यक्ती आणि पासपोर्टधारक एकच आहे का, एवढेच पाहायचे असेल तर एका साच्याची तुलना एकाच साच्याशी होते. परंतु तीच व्यक्ती दुसऱ्या नावाने पूर्वी आली होती का, हे शोधायचे तर साऱ्या साठ्याशी तुलना करावी लागते. बनावट ओळख उघडी पाडण्याचे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारात असते, आणि एखाद्या निरपराध व्यक्तीचा साचा चुकून दुसऱ्याशी जुळण्याचा धोकाही त्यातच अधिक असतो.

गर्दीचा प्रश्न मुख्यतः पहिल्या नोंदणीचा आहे. पासपोर्ट यंत्रावर ठेवणे, बोटे काचेवर नीट टेकवणे, कॅमेऱ्यासमोर स्थिर उभे राहणे आणि त्यानंतर अधिकाऱ्याला भेटणे, या प्रत्येक पायरीला थोडाच वेळ लागत असला तरी गाडीची वेळ ठरलेली असते आणि शेकडो प्रवासी एकदमच येतात. सेंट पँक्रस येथून युरोस्टार २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा ब्रिटन युरोपीय संघाचा सदस्य होता. संघाबाहेर पडल्यानंतर ब्रिटिश नागरिकही परकीय ठरले, त्यामुळे नोंदणी करणाऱ्यांची संख्या वाढली, पण इमारत होती तेवढीच राहिली. रांगा आवाक्याबाहेर गेल्यास बायोमेट्रिक नोंदणी तात्पुरती थांबवण्याची तरतूद नियमांत करावी लागली, यावरून या अडचणीचे गांभीर्य ध्यानात येते.

भारतीय प्रवाशाला व्हिसा घ्यावा लागतो, आणि शेंगेन व्हिसासाठी भारतात २०१५ पासून दहाही बोटांचे ठसे घेतले जात आहेत. ते व्हिसाच्या माहितीसाठ्यात असल्याने सीमेवर त्यांची फक्त पडताळणी होते. नवी भर पडते ती छायाचित्राची. बोटांच्या ठशांनी माणूस ओळखण्याच्या विद्येचा इतिहास भारताशीच जोडलेला आहे. बंगालमध्ये १८५८ साली विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका करारावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय स्थापन झाले. अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडवली. पुढे स्कॉटलंड यार्डने तीच स्वीकारली.

मात्र ठसा हे निर्दोष साधन नव्हे. कष्टाने झिजलेली, वयाने सुरकुतलेली किंवा कोरडी पडलेली बोटे यंत्राला वाचता येत नाहीत. रेशन दुकानात अंगठा न जुळल्याने ताटकळलेल्या शेतमजुरांचा हा प्रश्न महाराष्ट्राला चांगलाच परिचित आहे. जुळणीची अट कडक केली तर खरे प्रवासी अडतात, सैल केली तर तोतये सुटतात, आणि या दोहोंतील समतोल कोठे साधायचा हे यंत्र नव्हे, माणसे ठरवतात. माहिती किती काळ ठेवायची हाही असाच मानवी निर्णय आहे : सामान्यतः ती तीन वर्षे राहते, आणि मुदतीत बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षे.

म्हणून अशा व्यवस्थेचे यश केवळ रांगेच्या वेगावर मोजणे अपुरे ठरेल. यंत्राने नाकारलेल्या वृद्ध प्रवाशाला वेगळ्या खिडकीवर सन्मानाने तपासणारा अधिकारी असणे, चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा मार्ग त्याच्या भाषेत त्याला समजावला जाणे, आणि गोळा केलेली माहिती ठरलेल्या कामापलीकडे वापरली न जाणे, या तीन अटी पाळल्या गेल्या तरच शरीराची खूण राज्यसत्तेच्या हाती सोपवणाऱ्या प्रवाशाचा विश्वास सार्थ ठरेल.