आउटबोर्ड मशीनची पावसाळी सुट्टी : किनाऱ्यावरचा विज्ञानाचा तास



मे महिना संपत आला की कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायची लगबग सुरू होते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होडी शाकारली जाते, जाळी घरी येतात आणि होडीच्या मागच्या फळीला लावलेलं आउटबोर्ड मशीन उतरवून पडवीत ठेवलं जातं. कॅनडा, नॉर्वे अशा थंड देशांत हेच काम हिवाळा येण्याआधी करतात. आपल्याकडे ते पावसाळ्याआधी होतं, एवढाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, मशीन बंदच ठेवायचं तर त्यात तयारी कसली? इथेच खरी गंमत आहे. समुद्रावरचं मशीन चालून झिजतं, तसं नुसतं पडून राहूनही खराब होतं. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते सुरू झालं नाही तर त्या दिवसाची कमाई बुडते. आणि भर समुद्रात बंद पडलं तर प्रश्न जिवाचा असतो. म्हणून जाणते मच्छीमार पुढची कामं नेमाने करतात. प्रत्येक कामामागे आपल्या परिसर अभ्यासातला एखादा धडा आहे. चला, एकेक पाहूया.

१. गोडं पाणी फिरवणे
आउटबोर्ड मशीन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत ओढलं जातं. मशीन थांबल्यावर आतलं पाणी वाळतं आणि मीठ मागे राहतं. ते अरुंद वाटांमध्ये साचतं आणि धातूही खातं. म्हणून मशीनचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ते दहा-पंधरा मिनिटं हळू चालवतात. पाणी ओढणारा पंप रबरी पात्यांचा असतो. पाण्याशिवाय मशीन चालवलं तर ही पाती थोड्याच वेळात घासून जातात, म्हणून कोरडं मशीन चालवू नये.
धडा : बाष्पीभवन.

२. इंधन रिकामे करणे
पेट्रोल बरेच दिवस पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि चिकट थर उरतो. कार्बोरेटरची छिद्रं सुईच्या टोकाएवढी, ती या थराने बुजतात. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून इंधनाची नळी काढून टाकी वेगळी ठेवतात आणि कार्बोरेटरमध्ये उरलेलं इंधन काढून घेतात.
धडा : मिश्रणातले सगळे घटक सारख्या वेगाने उडत नाहीत.

३. आत तेलाचा थर देणे
स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतात आणि हाताने मशीन दोन-चार वेळा फिरवतात. तेल आतल्या भिंतींवर पसरतं. पावसाळ्याची दमट हवा मग लोखंडाला भिडत नाही.
धडा : गंज चढायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात.

४. गिअरचे तेल बघणे
पंख्याच्या पुढे, पाण्याखालच्या भागात गिअर असतात. तिथलं जुनं तेल काढल्यावर ते दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. म्हणजे रबरी सील गेलं. सील बदलून नवं तेल खालच्या छिद्रातून भरतात, वरच्या छिद्रातून ते बाहेर येईपर्यंत. असं केलं की आत हवा अडकत नाही.
धडा : तेल आणि पाणी घुसळलं की दुधाळ दिसतं.

५. पंखा आणि जस्ताचा तुकडा
पंखा काढून पाहिलं तर मागे कधी कधी जाळ्याचा दोरा गुंडाळलेला सापडतो. तोच सील कापतो. दोरा काढून दांड्याला ग्रीस लावतात. मशीनच्या खालच्या भागावर जस्ताचा तुकडा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्यात मशीनच्या धातूऐवजी आधी हा तुकडा झिजतो. अर्धा झिजला की बदलायचा, आणि त्यावर रंग कधीच लावायचा नाही, नाहीतर त्याचं काम थांबतं.
धडा : एक धातू स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवतो.

६. उभे ठेवणे
मशीन उभं ठेवलं की आतलं पाणी निथळून जातं. थंड देशांत हे काम फार महत्त्वाचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आत राहिलेलं थोडं पाणीसुद्धा धातूचं आवरण तडकवू शकतं. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण ओल आहेच. म्हणून मशीन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, आत वाफ धरते. सुती कापड बरं.
धडा : गोठताना पाण्याचं आकारमान वाढतं.

वर्गात काय करता येईल?
शाळा जूनच्या मध्यावर उघडते, तेव्हा ही कामं उरकलेली असतात. म्हणून सुट्टीआधीच मुलांना सांगा : घरी मशीन ठेवताना काय काय केलं ते बघा आणि जूनमध्ये वर्गात सांगा. ज्या मुलांच्या घरी होडी नाही, त्यांनी सायकल किंवा फवारणी पंपाबद्दल सांगावं. मग तीन ग्लास घ्या. एकात गोडं पाणी, दुसऱ्यात मिठाचं पाणी, तिसऱ्यात खोबरेल तेल. प्रत्येकात एक खिळा टाका आणि आठवडाभर रोज नोंद ठेवा. बर्फाचा प्रयोग करायचा तर प्लास्टिकची बाटली घ्या, काचेची नको.

पालकांना एक विनंती : मुलांना काम जरूर दाखवा, पण इंधन आणि फिरता पंखा यांपासून लांब उभं करून. मशीन उघड्या जागेतच चालवा.

वाचनात मागे पडणारं एखादं मूल, दुधाळ तेल पाहून सील गेलंय हे बरोबर सांगतं. निरीक्षण करून कारण शोधणं यालाच तर आपण विज्ञान म्हणतो. त्याने घरी शिकलेलं वर्गात सांगायला जागा दिली, तर पुस्तकातला धडा त्याला परका वाटणार नाही. येत्या जूनमध्ये करून बघा.