सिकलसेल, दाह आणि हृदयाची अकार्यक्षमता : गडचिरोली परिसराच्या संदर्भात

शरीराच्या गरजेइतके रक्त पुरविण्यास हृदय असमर्थ ठरणे म्हणजे हृदयाची अकार्यक्षमता होय. उच्च रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराचा झटका ही तिची परिचित कारणे. आरमोरीसह गडचिरोली व चंद्रपूर या वनप्रधान जिल्ह्यांत मात्र आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो. ते म्हणजे सिकलसेल. गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत व काही अनुसूचित जातींत हा आनुवंशिक विकार आढळतो. वाहकांना घातक मलेरियापासून काही अंशी संरक्षण मिळत असल्याने मलेरियाग्रस्त प्रदेशात हा जनुक टिकून राहिला. दोन्ही पालकांकडून तो मिळालेल्या अपत्यास मात्र आयुष्यभर विकार सोसावा लागतो.

अशा रुग्णास धाप लागली की 'रक्त कमी आहे' एवढ्यावर विषय संपविला जातो. हे निदान चुकीचे नाही, अपुरे आहे. रक्तक्षयामुळे हृदयाला अधिक रक्त फेकावे लागते व त्याचा डावा कप्पा प्रसरण पावतो, हे खरे; परंतु त्याच वेळी दाहाची दुसरी प्रक्रिया सुरू असते.

निरोगी तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते, तर सिकल पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होते. फुटलेल्या पेशींतील हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचा नाश करते. त्यातील लोहयुक्त 'हीम' हा घटक रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील टीएलआर-४ या ग्राहींना चेतवितो. हे ग्राही मुळात जिवाणूंची चाहूल घेण्यासाठी असतात. म्हणजे जंतू नसतानाही शरीर जंतुसंसर्ग झाल्यासारखे वागू लागते. अस्तर चिकट होते, त्यावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी बसतात, त्यांना सिकल पेशी अडकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. रोवणीच्या दिवसांत तासन्‌तास थंड पाण्यात उभे राहणे, श्रम आणि पाणी कमी पिणे यांनी असा अटकाव सहज ओढवतो.

रक्तप्रवाह खंडित होऊन पुन्हा सुरू होताना हृदयाच्या स्नायूलाही इजा पोहोचते. तेथे मोनोसाइट पेशी शिरतात व त्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात. मृत पेशी उचलून जखम भरण्यास साहाय्य करणे हे त्यांचे काम. ते आवश्यकच आहे. एकदाच्या इजेनंतर ते थांबते. सिकलसेलमध्ये इजा वारंवार होत असल्याने ते थांबत नाही. सायटोकाइन स्रवत राहतात, तंतुपेशी कोलॅजन निर्माण करतात व स्नायू ताठर होतो. तो आकुंचन नीट पावतो, पण पुरता शिथिल होत नाही. त्यामुळे केवळ आकुंचनक्षमता पाहिल्यास हृदय सुस्थितीत असल्याचा भास होतो आणि रुग्ण मात्र धापा टाकत असतो. फुफ्फुसांतील वाढलेला रक्तदाब उजव्या बाजूवर आणखी भार टाकतो.

मग दाह दडपून टाकणे हा उपाय ठरतो काय? १९९० मध्ये तीव्र हृदय-अकार्यक्षमतेच्या रुग्णांच्या रक्तात टीएनएफ हे सायटोकाइन वाढलेले आढळले. त्याला रोखणाऱ्या एटानरसेप्ट व इन्फ्लिक्सिमॅब या औषधांनी अपेक्षित लाभ झाला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर इन्फ्लिक्सिमॅबची अधिक मात्रा घेणाऱ्यांची प्रकृती बिघडली. ज्या पेशी हानी करतात त्याच दुरुस्तीही करतात, हे त्यामागील एक संभाव्य कारण.

सिकलसेलमध्ये हायड्रॉक्सीयुरिया हे जुने व स्वस्त औषध त्यामुळेच लक्षवेधी ठरते. १९९५ च्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्याने घटविले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते आणि न्यूट्रोफिलची संख्याही उतरविते, म्हणजे दाहाचे इंधनच कमी करते. मात्र ही संख्या फार उतरल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो. म्हणून नियमित रक्ततपासणी अनिवार्य आहे. १ जुलै २०२३ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर भर आहे. निदान झालेल्या रुग्णाला धाप लागत असेल वा पायांवर सूज येत असेल, तर हिमोग्लोबिनसोबत हृदयाची सोनोग्राफी करून स्नायू शिथिल होतो की नाही हेही पाहावयास हवे.